ब्याऐंशी यार्डांची वाट

पावसासाठीं मराठींत किती शब्द आहेत हें मोजूं गेल्यास हाताचीं बोटें पुरत नाहींत. सर, झड, वळीव, भुरभुर, रिमझिम, संततधार, मुसळधार. शिवाय नक्षत्रागणिक त्याचा स्वभाव वेगळा, मृगाचा निराळा आणि हस्ताचा निराळा. हिमाविषयीं मात्र आमची भाषा बहुतेक मुकीच आहे. आकाशांतून पडणाऱ्या गोठलेल्या पाण्याचा आम्हांस परिचय काय तो गारांचा. त्या घटकाभर पडतात, पोरें त्या वेंचून तोंडांत टाकतात, आणि आंब्याचा मोहोर झडला म्हणून वडील माणसें हळहळतात. 'हिम' हा शब्द आमच्याकडे संस्कृतांतून आला तो चंद्र, चंदन आणि हिमालय यांच्या संगतींत. तें कमळांना जाळतें एवढें कवींनीं सांगून ठेविलें आहे. माणसांविषयीं ते फारसें बोलले नाहींत.

इंग्रजीची स्थितीहि या बाबतींत फार निराळी नव्हती असें पाहून आम्हांस प्रथम नवल वाटलें. हिमवादळाला आज जगभर रूढ असलेला 'ब्लिझर्ड' हा शब्द जुन्या वापरांत तडाखा किंवा बंदुकांची सरबत्ती अशा अर्थाचा होता. १८७० च्या सुमारास अमेरिकेंतील आयोवा संस्थानांतल्या एका लहानशा वृत्तपत्रानें तो वादळाला लाविला, आणि पुढें तोच चिकटला. म्हणजे ज्या लोकांवर हें संकट दरवर्षीं येऊन कोसळत होतें, त्यांनाहि त्याचें नांव नव्यानें पाडावें लागलें. कारण तेहि त्या भूमीला नवखेच होते. पुढील हकीकतीच्या दृष्टीनें ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आमच्या भाचीचें बिऱ्हाड गेलीं कांहीं वर्षें नेब्रास्का संस्थानांतील ओमाहा शहरीं आहे. एका हिंवाळ्याच्या अखेरीस आम्ही तिच्याकडे जाऊन राहिलों होतों. एके दिवशीं तिच्या यजमानांनीं आम्हांस मोटारींतून शहराबाहेर बरेंच लांब नेलें. देशावर वाढलेल्या माणसाला सपाटीचें कौतुक नसतें. परंतु देशावरची कितीहि सपाट जमीन झाली तरी तींत कोठें तरी एखादी टेकडी, देवळाचें शिखर, निदान विहिरीवरचें लिंबाचें झाड असतें, आणि डोळा त्याला धरून पुढें जातो. येथें डोळ्याला धरावयाला कांहींच नव्हतें. खालीं पांढरें, वर करडें, आणि दोहोंची शीव कोठें आहे तें दिसत नव्हतें. वाऱ्यानें हिमाचे लोट रस्त्यावरून सर्पासारखे सरकत होते. "हें वादळ नव्हे बरें का," असें यजमानांनीं सांगितलें. त्याच आठवड्यांत भाचीच्या कपाटांतील डेव्हिड लास्किन यांचें २००४ सालीं प्रसिद्ध झालेलें 'द चिल्ड्रेन्स ब्लिझर्ड' हें पुस्तक आम्हीं दोन रात्रींत वाचून काढलें, आणि तेव्हांपासून त्या विषयावर जें हातीं लागेल तें वाचीत आलों आहों.

ता. १२ जानेवारी १८८८, गुरुवार, या दिवशीं डाकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा व आयोवा या मुलखांवर जें हिमवादळ आलें, त्याला तिकडे 'मुलांचें वादळ' किंवा 'शाळेचें वादळ' म्हणतात. हें नांव असें कां पडलें तें कळण्यास त्या मुलखांत लोक कसे रहात होते हें थोडें पाहिलें पाहिजे.

अमेरिकन सरकारनें १८६२ सालीं एक कायदा केला. त्याअन्वयें थोडीशी फी भरून कोणाहि कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमीन मिळे. अट एवढीच कीं, त्यानें तेथें पांच वर्षें राहून ती कसावी. आगगाडीच्या कंपन्यांना प्रवासी व माल पाहिजेच होता. त्यांनीं युरोपभर पुस्तिका वाटल्या, आणि नॉर्वे, स्वीडन, जर्मनी येथील भूमिहीन शेतकरी बायकापोरांसह निघाले. हा प्रदेश कोरडा आहे, शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेस नेहमींच्या पद्धतीची शेती साधणार नाहीं, असें जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञानें १८७८ सालींच सरकारला लिहून दिलें होतें. परंतु त्याच सुमारास नेब्रास्कांतील चार्ल्स डेना विल्बर या गृहस्थानें, नांगर जेथें जाईल तेथें पाऊस त्याच्या मागोमाग येतो, असा सिद्धांत छापून काढला, आणि लोकांना तो पॉवेलपेक्षां अधिक पटला. आमच्या पंचांगांतील पर्जन्यमानाला हंसणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पाश्चात्य लोकांचेंहि पंचांग असतें. फक्त तें जमीन विकणारा छापतो.

या गवताळ मैदानांत झाड म्हणून नव्हतें. त्यामुळें घरें बांधावयाचीं तीं मुळांसकट कापून काढलेल्या ढेंपांच्या विटांचीं, आणि जाळावयाचें तें वाळलेलें गवत, त्याचे पेंढे पिळून. झाड नाहीं म्हणून कुंपण नाहीं, बांधावर खूण नाहीं, एका शेतकऱ्याच्या घरापासून दुसऱ्याच्या घरापर्यंत आडोसा नाहीं. मुलांची संख्या थोडी जमली कीं एका खोलीची शाळा उभी राही. शिक्षक बहुधा सतरा ते वीस वर्षांची अविवाहित मुलगी. ती जवळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरीं जेवूनखाऊन राही. मुलें मैल दोन मैल चालत येत. आमच्याकडे कोंकणांत नि घाटमाथ्यावर अजूनहि येतात तशींच.

आतां त्या गुरुवारची सकाळ. ५ व ६ तारखेस एक मोठें हिमवादळ होऊन गेलें होतें, आणि त्यानंतर हाडें फोडणारी थंडी पडली होती. बरींच मुलें कित्येक दिवस घराबाहेर पडलीं नव्हतीं. आणि १२ तारखेस उजाडतांच हवा एकाएकीं मऊ झाली. वळचणीचें हिम वितळून ठिबकूं लागलें. जानेवारींत असा दिवस मिळाला म्हणजे त्याचा उपयोग करून घ्यावा हें कोणाहि शहाण्या संसारी माणसाला सुचेल. पुरुष दूरच्या गंजींवरून वैरण आणावयास निघाले, कोणी कोंडलेलीं गुरें पाण्यावर नेलीं. मुलें जाड डगले खुंटीवर ठेवून शाळेस गेलीं. ज्यानें त्या दिवशीं आळस केला तो वांचला, आणि जो उद्योगी होता तो बाहेर सांपडला. या गोष्टीवर नीतिपाठ लिहिणाऱ्यांनीं काय करावें आम्हांस ठाऊक नाहीं.

वायव्येकडून उत्तर ध्रुवाकडील हवेची एक भिंत वेगानें खालीं येत होती. मोंटानावर ती पहांटेपूर्वींच पोंचली होती. डाकोटाच्या पूर्व भागावर दुपारच्या सुमारास आली. नेब्रास्कावर शाळा सुटण्याच्या आगेंमागें. हा वेळेचा योगच सर्वांत घातकी ठरला. पांच सहा तास आधीं आली असती तर मुलें घरांतच राहतीं. पांच सहा तास नंतर येती तर घरीं पोंचलेलीं असतीं. ज्यांनीं ती येतांना पाहिली त्यांनीं तिचें वर्णन क्षितिजावरून लोळत येणाऱ्या कापसाच्या गठ्ठ्यांसारखें, धुराच्या लोटासारखें, आगगाडीच्या आवाजासारखें केलें आहे. कांहीं मिनिटांतच उष्णमान झपाट्यानें उतरलें आणि रात्रीं तें कित्येक ठिकाणीं शून्याखालीं २० ते ४० अंश फॅरेनहाइटपर्यंत गेलें. हवेंत इतकी वीज भरली होती कीं, शेगडीला हात लावतांच ठिणग्या उडत.

परंतु थंडीपेक्षांहि भयंकर होती ती हिमाची बारीक पूड. आपल्या मनांतील हिम कापसाच्या पेळूसारखें हळुवार पडतें. हें तसें नव्हतें. वाऱ्यानें कुटून कुटून त्याचें पीठ झालें होतें. जात्याच्या पाळींतून उडणारी पिठी सर्व आकाशभर झाली आहे आणि ती वादळी वाऱ्यानें तोंडावर मारली जात आहे, अशी वाचकांनीं कल्पना करावी. स्वतःचा पसरलेला हात दिसेना. श्वास घ्यावा तर पूड नाकांत जाई. डोळ्यांतील पाणी पापण्यांवर गोठून डोळे मिटून जात, आणि तें बर्फ बोटांनीं ओरबाडून काढावें तों पुन्हा मिटत. गुरें उभ्या उभ्या नाकपुड्यांत बर्फ भरून गुदमरून मेलीं. अशा वेळीं माणूस मरतो तो थंडीनें हें खरें. परंतु त्याला थंडीच्या हवालीं करते ती दिशाभूल. घर वीस पावलांवर असतें, आणि माणूस त्याच्या बाजूनें निघून जातो.

कोणालाच कांहीं कळलें नव्हतें असें मात्र नाहीं. त्या काळीं संयुक्त संस्थानांत हवामानाचें काम लष्कराच्या सिग्नल कोअर या दळाकडे होतें. देशभरचे निरीक्षक दिवसांतून तीन वेळां, सर्वत्र एकाच ठराविक क्षणीं, वायुभार, उष्णमान व वारा टिपून तारेनें कळवीत. वायव्येकडील मुलखास इशारे लवकर मिळावे म्हणून मिनेसोटांतील सेंट पॉल येथें लेफ्टनंट थॉमस वुड्रफ या अधिकाऱ्यास १८८७ च्या शरद ऋतूंत मुद्दाम नेमलें होतें. त्यानें ११ तारखेच्या मध्यरात्रीनंतर काढलेल्या भाकितांत डाकोटा व नेब्रास्कावर थंडीची लाट येत असल्याचें म्हटलें आहे. भाकीत खोटें नव्हतें. परंतु थंडी रात्रीं येईल असें त्यांत होतें, आणि ती दिवसाउजेडीं आली. शिवाय भाकीत पोंचावयाचें कसें? तार जेथें जाई त्या गांवीं निशाण चढवीत. थंडीच्या लाटेचें निशाण म्हणजे पांढरें कापड आणि त्याच्या मध्यावर काळा चौकोन. तें स्टेशनाच्या गांवांत दिसे. गांवापासून आठ दहा मैलांवर ढेंपांच्या घरांत राहणाऱ्या नॉर्वेच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि ज्या दिवशीं सकाळ अशी गोड, त्या दिवशीं तें पहावयाला म्हणून गांवांत कोण जाणार होतें?

येथें एक योगायोग सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे शुक्रवारीं १३ तारखेस, राजधानी वॉशिंग्टन येथें कॉसमॉस क्लबांत भूगोलाच्या अभ्यासासाठीं एक संस्था काढण्यास ३३ गृहस्थ जमले. तीच आज जगप्रसिद्ध असलेली नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी. तिच्या संस्थापकांत सिग्नल कोअरचे प्रमुख जनरल ॲडॉल्फस ग्रीली हे होते. उपरिनिर्दिष्ट पॉवेलहि होते. ग्रीली यांना थंडीचा परिचय पुस्तकी नव्हता. १८८१ ते १८८४ या वर्षांत त्यांच्या हाताखालीं उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या पंचवीस जणांच्या तुकडींतून अखेर सहाच माणसें जिवंत राहिलीं, त्यांतले ते एक. ते त्या संध्याकाळीं भूगोलाच्या प्रसाराविषयीं विचारविनिमय करीत होते तेव्हां त्यांच्याच खात्याच्या नकाशावरील मैदानांत शेतकरी काठ्यांनीं हिम टोंचून आपलीं मुलें शोधीत होते. यांत जनरलसाहेबांचा दोष काढावा असा आमचा हेतु नाहीं. ज्ञान जेथें साठतें आणि तें जेथें लागतें, त्या दोन जागांत केवढें अंतर होतें, एवढेंच यावरून दिसतें.

शेवटीं निर्णय येऊन पडला तो विशीच्या आंतबाहेरच्या शिक्षिकांवर. मुलांना सोडावें कीं ठेवावें? ठेवावें तर जळण किती आहे? सोडावें तर कोणत्या दिशेनें? विचाराला वेळ मिळाला तो कांहीं मिनिटांचा. पुष्कळ जणींनीं मुलें ठेवून घेतलीं, जळण सरल्यावर बाकें मोडून शेगडींत घातलीं, रात्रभर मुलांना झोंपूं न देतां गाणीं म्हणविलीं. त्यांचीं नांवें बहुतेक कोणास ठाऊक नाहींत, कारण त्यांच्या शाळेंत कांहीं घडलें नाहीं.

ज्यांच्या शाळेंत घडलें त्यांतील दोघींचा वृत्तांत शेजारीं शेजारीं ठेवून वाचावा. नेब्रास्कांतील ऑर्ड गांवाजवळ मिडव्हेल म्हणून शाळा होती. तेथील शिक्षिका मिनी फ्रीमन. वाऱ्यानें शाळेचें दार मोडलें, मग छपराचा भाग उडाला. आंत रहाणें शक्यच नव्हतें. तिनें मुलांना एका ओळींत घेऊन मैल अर्ध्या मैलावरच्या शेतकऱ्याच्या घराची वाट धरली, आणि सर्व मुलें सुखरूप पोंचलीं. मुलें किती होतीं याबद्दल निरनिराळ्या हकीकती आहेत. कोणी तेरा म्हणतात, कोणी सोळा. तिनें मुलांना दोरीनें एकमेकांस बांधलें होतें असें सर्वत्र सांगतात. त्या मुलांपैकींच एकानें पुढें दोरीची गोष्ट नाकारली आहे. परंतु जगाला दोरी पसंत पडली. त्याच वर्षीं शिकागोहून तिच्यावर एक गाणें छापून निघालें आणि घरोघर पियानोवर वाजूं लागलें. तिला सोन्याचें घड्याळ मिळालें, लग्नाच्या मागण्यांचीं पत्रें आलीं. लिंकन येथील राज्यसभागृहांत जीन रेनाल या कलावतीनें १९६७ सालीं रंगीत कांचेच्या तुकड्यांचें त्या वादळाचें एक भित्तिचित्र केलें आहे. तें आम्हीं भाचीसमवेत पाहिलें. चित्र चांगलें आहे. त्यापुढें उभे राहिलें असतां थंडी वाजते.

त्याच संस्थानांत प्लेनव्ह्यू गांवाजवळ लोइस रॉइस नांवाची शिक्षिका होती. तिच्या शाळेंत त्या वेळीं तीन मुलें उरलीं होतीं. नऊ नऊ वर्षांचे दोन मुलगे आणि सहा वर्षांची एक मुलगी. तीनच्या सुमारास जळण संपलें. ती जेथें रहात असे तें घर शाळेपासून ८२ यार्डांवर होतें. ८२ यार्ड म्हणजे पाउणशें मीटर. आमच्या आळींतील पिठाच्या गिरणीपासून मारुतीच्या देवळापर्यंत याहून जास्त भरेल. न तापणाऱ्या खोलींत मुलांना गोठूं द्यावें कीं पाउणशें मीटर चालावें, असा प्रश्न होता. ती चालली. घर सांपडलें नाहीं. तिनें उघड्यावर मुलांना जवळ घेऊन, आपल्या अंगानें झांकून रात्र काढली. तिन्ही मुलें तेथेंच गेलीं. ती वांचली, तिचे दोन्ही पाय कापावे लागले.

दोघींनीं केलें तें एकच. शाळा राहण्याजोगी उरली नाहीं तेव्हां दोघी मुलांना घेऊन निघाल्या. जिनें दूरची वाट धरली ती पोंचली, जिची वाट जवळची होती ती चुकली. शौर्यांत, बुद्धींत किंवा मायेंत दोघींत काडीचा भेद आम्हांस दिसत नाहीं. भेद आहे तो वाऱ्याच्या एका झोताचा. तरी एकीचें गाणें झालें.

आम्हीं हें इतक्या आग्रहानें लिहितों याला कारण आहे. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईवर जो पाऊस कोसळला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, त्या दिवशीं आम्ही उपनगरांतील एका शाळेंत दुपारच्या सत्रांत शिकवीत होतों. चार वाजतां फाटकाशीं पाणी गुडघाभर होतें. घंटा द्यावी कीं देऊं नये? कांहीं मुलांचीं घरें दहा मिनिटांच्या वाटेवर होतीं. आम्हीं मुलें ठेवून घेतलीं; त्रेचाळीस मुलें, दोन शिपाईमामा, एक पाण्याची टांकी आणि कोठीघरांतील पोषण आहाराचे तांदूळ. रात्रीं नऊच्या सुमारास एका मुलीचे वडील छातीभर पाण्यांतून आले आणि आमचें न ऐकतां तिला खांद्यावर घेऊन गेले. फाटकाबाहेर अंधारांत ते दिसेनासे झाले तेव्हांपासून पहांटेपर्यंत आम्ही काय विचार करीत होतों तें येथें सांगत नाहीं. ते सुखरूप पोंचले होते. सकाळीं पाणी ओसरल्यावर एका मुलाच्या आईनें आमचे हात धरले. दुसऱ्या एका आईनें, "घर समोर दिसत असतांना माझ्या पोराला रात्रभर उपाशी ठेवलंत, सर," असें चारचौघांत सुनावलें. तीहि रात्रभर खिडकीशीं बसून होती. पाणी आणखी एक हात चढलें असतें तर पहिली आई काय म्हणाली असती? एवढ्या वर्षांत आम्हीं तिला कधीं विचारलें नाहीं.

पुन्हा डाकोटाकडे वळतों. तेथें फ्रीमन गांवाच्या परिसरांत मेनोनाइट पंथाचे जर्मनभाषी शेतकरी राहत. हातांत शस्त्र धरावयाचें नाहीं हा या पंथाचा नेम. रशियांत त्यांना लष्करी नोकरीची जी सूट होती ती जाऊं लागली, तेव्हां आपल्या मुलांना बंदूक घ्यावी लागूं नये म्हणून हे लोक १८७४ सालीं व्होल्हिनिया प्रांतांतील भरल्या शेतांवर पाणी सोडून येथें आले. गुरुवारीं दुपारीं त्यांच्या शाळेंतून निघालेले पांच मुलगे घरीं आले नाहींत. पांचांपैकीं तिघे सख्खे भाऊ. वाऱ्यास पाठ देऊन ते चालत राहिले असावे. वारा नेईल तिकडे जाणें एवढेंच अशा वेळीं शक्य असतें. रविवारीं सकाळीं एका शेतकऱ्याला आपल्याच शेतांत हिमाबाहेर आलेलें वस्त्र दिसलें.

थंडीच्या मृत्यूविषयीं एक गोष्ट वैद्य सांगतात ती ऐकून आमच्या अंगावर कांटा आला. अखेरच्या अवस्थेंत कित्येकांना थंडी वाजेनाशी होते. उलट अंगाचा दाह होतो आणि माणूस स्वतःच्या हातांनीं कपडे काढूं लागतो. त्याहून क्रूर गोष्ट दुसरी. कांहीं जण गंजीच्या आडोशाला किंवा हिमाच्या ढिगांत रात्र काढून शुक्रवारीं सकाळीं जिवंत होते. वारा पडला होता, ऊन होतें, घर समोर दिसत होतें. ते उठून उभे राहिले, चार पावलें चालले आणि कोसळले. गोठलेल्या हातापायांतील थंड रक्त एकदम हृदयाकडे वळलें म्हणजे त्याची गति बिघडते, असें त्याचें कारण आतां देतात. त्या बापांना कोण सांगणार होतें कीं, जिवंत सांपडलेल्या लेंकराला उभें करूं नका, आडवेंच उचलून न्या?

हॉल्ट परगण्यांतील एटा शॅटक ही एकोणीस वर्षांची शिक्षिका वाट चुकून वाळल्या गवताच्या गंजींत शिरली. गुरुवारपासून रविवारपर्यंत ती तेथें अडकून होती. अन्न नाहीं, पाणी नाहीं. ज्याची गंज होती तो शेतकरी वैरण नेण्यास आला तेव्हां ती शुद्धीवर होती. ओमाहाच्या एका वृत्तपत्रानें अशा वीरांगनांसाठीं फंड उघडला होता, त्यांत तिच्यासाठीं पैसा जमूं लागला. तिचे दोन्ही पाय कापले, आणि ६ फेब्रुवारीस ती वारली.

एकंदर किती माणसें गेलीं? सामान्यतः २३५ हा आंकडा देतात. लास्किन यांच्या मतें तो २५० पासून ५०० पर्यंत कितीहि असूं शकेल. हें अंतर फार मोठें वाटतें, पण कारण साधें आहे. एखादें घर दुसऱ्या घरापासून मैलभर दूर. कोण कोठें मेलें याची नोंद करणारें कोणी नाहीं. कांहीं प्रेतें वसंतांत हिम वितळल्यावर हातीं लागलीं. आणि जे पाय सडून किंवा फुप्फुसें सुजून महिन्या दोन महिन्यांनीं मेले, त्यांना वादळानें मेलेले म्हणावें कीं न म्हणावें हें ठरलें नाहीं. दोनच महिन्यांनीं, ११ ते १४ मार्चला, न्यूयॉर्क व पूर्व किनाऱ्यावर दुसरें मोठें हिमवादळ झालें. त्यांत सुमारें चारशें माणसें मेलीं, त्यांतील जवळजवळ निम्मीं एकट्या न्यूयॉर्क शहरांत. तें दुःखहि लहान नव्हे. परंतु तेथें वर्तमानपत्रें होतीं, छायाचित्रें होतीं, तुटलेल्या तारांचीं जाळीं रस्त्यांत पडलेलीं सर्वांनीं पाहिलीं. पुढें तारा जमिनीखालीं गेल्या, भुयारी आगगाडीच्या मागणीला जोर आला. आजहि नुसतें '१८८८ चें वादळ' म्हटलें कीं बहुतेक लोक न्यूयॉर्कचेंच समजतात. मैदानांतील शेतकऱ्यांच्या वाट्याला सुधारणा आली ती एवढीच कीं, हवामानाचें काम १८९१ च्या जुलैपासून लष्कराकडून काढून शेतकी खात्याकडे दिलें. आणि तेंहि या वादळाच्या एकट्या जोरावर नव्हे. पुढच्या दशकांत दुष्काळ पडले. नांगरामागून पाऊस आला नाहीं. मुलखांतील पुष्कळ घरें ओस पडलीं, आणि मागें राहिलीं तीं ज्यांचीं माणसें तेथें पुरलीं होतीं अशांपैकींहि कित्येक उठून गेलीं.

जे राहिले त्यांतील वांचलेल्या मुलांनीं १९४० सालीं लिंकन शहरीं एक मंडळ काढलें. तोंवर त्यांचीं नातवंडें शाळेंत जाऊं लागलीं होतीं. आपापल्या आठवणी त्यांनीं लिहून जमविल्या, आणि डब्ल्यू. एच. ओगारा यांनीं त्या एकत्र करून १९४७ सालीं पुस्तकरूपानें छापल्या. मंडळास नांव देतांना 'हिमवादळ मंडळ' एवढें म्हणून भागेना, कारण तिकडे हिमवादळ दर हिंवाळ्यांत येतें. म्हणून त्यांनीं नांवांतच तारीख घातली: १२ जानेवारी १८८८.